मांडी घालून

आमच्या लहानपणी हॉटेलात जेवणं ही काही आनंदाची गोष्ट नव्हती. कल्याणच्या कोर्टात तारीख असली, उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलात कुणी ॲडमिट असलं किंवा शेवटची गाडी चुकली, की माणसं हॉटेलात जेवायची. घरी परत आल्यावर आजी विचारायची, "मग जेवलास कुठं?" "हॉटेलात" म्हटलं की तिच्या तोंडून "अरेरे" निघायचं. आनंदाचं जेवण दारात व्हायचं. अंगणात मांडव, पळसाच्या पत्रावळी, ओळीनं मांड्या घालून बसलेली माणसं, वाकून वाढणारी गावातलीच पोरं आणि पंगतीतून फिरत "सावकाश होऊ द्या मंडळी" म्हणणारा घरधनी.

आमचं गाव बदलापूरहून बारवी धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला. घरची भातशेती, पण ती पुरायची नाही. बाबा अंबरनाथला विमकोत, काडेपेटीच्या कारखान्यात होते. सायकलनं बदलापूर स्टेशन, तिथून गाडीनं अंबरनाथ. पाळी संपली की परत येऊन शेतात. त्यांच्या कपड्यांना कारखान्याचा वास असायचा आणि पायांना चिखलाचा.

आमच्यासाठी मोठं शहर म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पण लोकांच्या तोंडी छावणीच राहिली. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतात. लग्नाचा बस्ता, लाकडी कपाट, शाळेची पँट, सगळं आम्ही तिथून आणायचो.

१९८४ साली मी दहावी पास झालो. आमच्या घरातला पहिलाच. बाबा म्हणाले, "चल, आज हॉटेलात जेवू." आजीला हे समजेना. पोरगा पास झाला आणि हा त्याला हॉटेलात का नेतोय? पण बाबांनी ऐकलं नाही. ते, आई, धाकटी बहीण आणि मी असे उल्हासनगरला गेलो.

बाबांनी हॉटेल कसं निवडलं, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. कॅम्प तीनमध्ये त्याहून चकचकीत दोन हॉटेलं होती. एकाला तर रंगीत काचा होत्या. बाबा त्यांच्यासमोरून सरळ पुढं गेले आणि एका सिंधी शेठच्या हॉटेलात शिरले. कधी काळी बाबांनी त्या शेठच्या घरी आमच्या म्हशीचं दूध घातलं होतं. शेठ गल्ल्यावरून उठला, "आओ साईं" म्हणाला आणि आम्ही काही मागवायच्या आधी पाणी आणि भाजलेला पापड टेबलावर ठेवून गेला. पाण्याबरोबर पापड द्यायचा ही सिंधी घरातली रीत. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी पास झालो म्हणून दिला.

मेन्यूकार्ड मी पहिल्यांदा तिथं हातात धरलं. पनीर तिथंच पहिल्यांदा खाल्लं. बहिणीला ते घट्ट झालेलं खरवस वाटलं आणि ती "गोड का नाय?" म्हणून रडवेली झाली. बाबा खुर्चीवर मांडी घालून बसले होते. त्यांना पाय लोंबते ठेवून जेवताच यायचं नाही, घास उतरत नाही म्हणायचे. शेठ येता-जाता ताटात डोकावून "और लो" म्हणत होता.

आमच्याकडं म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं. बाबांनी हॉटेल त्या हिशेबानं निवडलं होतं. काचा बघून नाही, माणूस बघून.

मी मात्र हे शिकलो नाही. बी.कॉम. होऊन मी मुंबईत फोर्टला एका ऑफिसात लागलो. सकाळची गाडी, चौथी सीट, डबा, संध्याकाळी परत. इतक्या वर्षांत मुंबईच्या दुपारची मला ओळख झाली होती, संध्याकाळची नाही. आमच्याकडचा माणूस मुंबईत नोकरी करतो, पण मुंबईत जेवत नाही. त्याचं जेवण डब्यातलं असतं आणि रात्रीचं ताट बदलापूरला झाकून ठेवलेलं असतं.

१९९६ मध्ये बाबा रिटायर झाले. त्यांना मुंबईत मोठ्या हॉटेलात जेवायला न्यायचं असं मी ठरवलं. कुठं न्यावं हे मी ऑफिसातल्या चार जणांना विचारलं. एकानं सांगितलं, अमुक ठिकाणी जा, साहेब लोक तिथंच पार्टी करतात. दुसरा म्हणाला, तिथं अंधार असतो, मेणबत्ती लावतात, एकदम भारी. मी टेबल सांगून ठेवलं. ज्यांच्यासाठी जायचं त्या बाबांना मात्र मी विचारलं नाही. त्यांना काय विचारायचं, त्यांना काय माहीत, असं मनात होतं. आईला त्या दिवशी ताप होता. आम्ही दोघंच गेलो.

त्या हॉटेलाचं नाव इथं घेत नाही. आता ते तिथं नाही आणि दोषही सगळा त्याचा नव्हता.

दारावरच्या माणसानं आधी बाबांच्या चपलांकडं पाहिलं, मग माझ्या बुटांकडं, आणि दार उघडलं. आत वेटर इंग्रजीत बोलला. मी इंग्रजीत उत्तर दिलं आणि क्रियापद चुकलो. बाबांनी पाणी मागितलं तर त्यानं कुठलं पाणी म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "प्यायचं." मला हसू यायला हवं होतं. मला घाम आला.

कार्ड हातात आल्यावर बाबांनी उजवीकडचा रकाना आधी वाचला. मी म्हटलं, "बाबा, डावीकडं बघा." ते म्हणाले, "तिकडलं वाचून काय कळतंय?" मग मीच मागवलं. सूप आलं. बाबांनी चपला टेबलाखाली सारल्या, खुर्ची मागं ओढली आणि सवयीनं मांडी घातली. गादीची रुंद खुर्ची होती, छान बसले.

पाच मिनिटांनी काळ्या कोटातला एक माणूस आला. बाबांशी बोलला नाही. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, सरांना पाय खाली घ्यायला सांगाल का.

मला "राहू द्या" म्हणता आलं असतं. कुणाला त्रास होत नव्हता, शेजारची दोन टेबलं रिकामी होती. पण मी बाबांकडं वळलो आणि म्हणालो, "बाबा, पाय खाली घ्या. इथं असं बसत नाहीत."

त्यांनी लगेच पाय खाली घेतले. चपलाही घातल्या. बाकीचं जेवण त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून, मधूनमधून एकेक घास घेत संपवलं. संपवलं म्हणजे टाकलं नाही. अन्न टाकणं त्यांना जमायचंच नाही.

परत येताना व्हीटीला गाडी भरून सुटली. कल्याण गेल्यावर डबा रिकामा झाला. बाबा खिडकीशी सरकले, चपला काढल्या, लाकडी बाकावर मांडी घालून बसले आणि बदलापूर येईपर्यंत बाहेरचा अंधार बघत राहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "रोटी कच्ची होती." त्या संध्याकाळबद्दल ते त्यानंतर कधी बोलले नाहीत. २००९ मध्ये ते गेले.

मधल्या वर्षांत आमच्याकडं सगळं उलटंपालटं झालं. बदलापुरात टॉवर आले. लग्नं अंगणातून लॉनवर गेली. आता माणसं ताट हातात घेऊन काउंटरपुढं रांग लावतात आणि वाकून वाढणारं कुणी उरलं नाही. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या आमच्या रस्त्यानं येतात. "चुलीवरचं मटण, तांदळाची भाकरी" असे बोर्ड लागलेत. तिथं चटया अंथरलेल्या असतात, पुढं चौरंग असतो आणि लोक हौसेनं मांडी घालून जेवतात, फोटो काढतात. एका बोर्डावर "अस्सल गावठी बैठक" असं लिहिलेलं मी वाचलं आणि गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो.

आईची जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात झाली असं तिची आई सांगायची. म्हणजे २०२३ मध्ये पंचाहत्तर. माझी मुलगी ऐरोलीला नोकरी करते. ती म्हणाली, "आजीला मुंबईत एखाद्या मस्त फाइन डाइनला न्यायचं, खर्च माझा." माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, घरीच करू, गावजेवण घालू. आई म्हणाली, "गावाला मी खूप वाढलंय. आता मला कुणी वाढलं तर बरं."

भात झोडून होईपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर मुलगी रोज मोबाइलवर हॉटेलं काढून आजीला वाचून दाखवायची. काळा घोड्याचं खैबर, चर्चगेटचं १९५६ पासूनचं गेलॉर्ड, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, तिथला बेरी पुलाव. मग लोअर परळच्या कमला मिलमधलं बॉम्बे कँटीन आणि महालक्ष्मीला जुन्या मिलच्या आवारातलं मास्क. आई म्हणाली, "मिलमध्ये जेवतात? आपली माणसं तिथं डबा घेऊन जायची."

मुलीनं सांगितलं की मास्कला निवडायचं काही नसतं. आचारी ठरवतो आणि एकामागून एक थोडं थोडं आणून देतो. सगळ्यांना सारखंच. मला वाटलं आईला हे विचित्र वाटेल. ती म्हणाली, "मग पंगतच की. पंगतीत कुठं विचारतात तुला काय हवं? जे वाढतील ते खायचं, आवडलं तर आणखी मागायचं." मुलगी म्हणाली, आणखी मागता येत नाही. आई म्हणाली, "मग अर्धी पंगत."

परदेशात हॉटेलांना मिशलिन नावाची टायर कंपनी तारे देते, हेही मुलीनं आजीला सांगितलं. १९०० साली मोटारवाल्यांसाठी पुस्तक काढलं, १९२६ पासून तारे द्यायला लागले, लोकांनी गाड्या काढून लांब जेवायला जावं म्हणून. आई म्हणाली, "म्हणजे टायर झिजावा म्हणून. जेवणातलं त्याला काय कळणार?"

माझ्याकडं माझी वेगळी यादी होती. दात नाहीत, तेव्हा कडक काही नको. गुडघे दुखतात, तर जिना किती? संडास त्याच मजल्यावर आहे का? आवाज फार असेल तर तिला ऐकू येणार नाही. रात्रीचं नको, परत यायला उशीर होतो. रविवार नको, मेगाब्लॉक असला की कल्याणच्या पुढं कोण अडकणार. टॅक्स किती तेही बघितलं. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, पण ज्या हॉटेलातल्या खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं तिथं जेवणावर १८ टक्के. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावायचा नाही असं २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणानं सांगितलंय, तेही कापून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवायला निघालाय की ऑडिटला?"

आणि मग तिनं ते केलं जे मी १९९६ मध्ये केलं नव्हतं. आजीशेजारी ओट्यावर बसली आणि विचारलं, "आजी, तुला कुठं जायचंय?"

आई भाताचं पळिंज निवडत होती. खालमानेनंच म्हणाली, "ताजमहालात चहा पाजणार होते हे."

हे म्हणजे बाबा. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीत, १९६६ च्या सुमाराला, बाबांनी तिला मुंबई दाखवायला नेलं होतं. गेटवेच्या कठड्यावर बसून दोघांनी शेंगदाणे खाल्ले. समोर ताज. तेव्हा त्याच्या शेजारचा उंच टॉवर झालेला नव्हता, तो १९७३ चा. बाबा म्हणाले होते, "एकदा आत जाऊन चहा पिऊ." तीस वर्षांनी मी त्यांना मुंबईत घेऊन गेलो, तेव्हा ते मनातली जागा बोलले नाहीत. आणि ती जागा त्या हॉटेलापासून चालत दहा मिनिटांवर होती.

मुलीनं फोन लावला. ताजच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, तिथं दुपारचा चहा मिळतो. मुंबईतल्या कित्येक घरांतली मुलं-मुली एकमेकांना पहिल्यांदा तिथंच बघतात म्हणे, इतकी लग्नं तिथं ठरलीत. तिनं लिफ्टचं विचारलं, संडासाचं विचारलं आणि खिडकीपासली जागा सांगून ठेवली. आईनं एकच शंका काढली, "तिथंच ना ते गोळीबाराचं झालं?" मी म्हटलं, हो, २००८ ला. "मग तिथली माणसं परत कामाला आली का?" मी म्हटलं, आली. "मग आपण जायला काय?"

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं गेलो. आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत, का कोण जाणे, पाण्याची बाटली आणि दोन भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. दाराशी तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली, भाकऱ्यांसह. मी श्वास रोखून धरला. कुणी काही म्हणालं नाही.

खिडकीतून गेटवे दिसत होतं आणि त्यामागं बोटी. १९०३ मध्ये हे हॉटेल सुरू झालं तेव्हा गेटवे नव्हतंच, ते पुरं झालं १९२४ ला. आई कठडा शोधत होती. सापडल्यावर बोटानं दाखवून म्हणाली, "तिथं बसलो होतो." मग बराच वेळ काही बोलली नाही.

चहा आला. सँडविच, केक, भेळ, शेवपुरी. आईला केक आवडला, दोनदा घेतला. सँडविच कडा काढलेलं बघून "दातांची सोय केलीय" म्हणाली. भेळेत चिंच कमी आहे हे तिनं बदलापूर स्टेशनच्या भेळवाल्याचा दाखला देऊन सांगितलं. वाढणारा मुलगा मराठी होता. "कुठून आलात आजी?" त्यानं विचारलं. बदलापूर म्हटल्यावर म्हणाला, "मी डोंबिवली." म्हणजे आमच्याच गाडीचा.

आणि मग आईनं चपला काढल्या, सोफ्यावर थोडी मागं सरकली आणि गुडघा हातानं उचलून एक पाय वर घेतला, मग दुसरा. नीट मांडी घालून बसली आणि बशीतून चहा प्यायला लागली.

माझी नजर आपोआप दाराकडं गेली. कुणी काळ्या कोटातलं येतंय का बघितलं. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी मला एवढंच करायचं होतं.

तो डोंबिवलीचा मुलगा किटली घेऊन आला. बुटका टेबल त्यानं आईच्या बाजूला थोडा ओढला, तिचा हात पोचेल इतका, आणि चहा ओतून गेला.

बिल आलं ते मुलीनं लपवायचा प्रयत्न केला. आईनं विचारलंच, "भातात सांग." त्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. मी हिशेब केला आणि सांगितलं, "पाच क्विंटलाच्या वर." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लॉनवरच्या लग्नात याच्यापेक्षा जास्त नासतं. आपण टाकलं तर नाय ना काही?" टाकलं नव्हतं. उरलेला केकचा तुकडा तिनं भाकऱ्यांच्या फडक्यात बांधला होता.

सीएसएमटीहून बदलापूर गाडी लागलेली मिळाली, बसायला जागा मिळाली. भाकऱ्या तिनं डब्यातल्या एका बाईच्या पोराला दिल्या. कल्याणनंतर गर्दी हटली. अंबरनाथ सुटलं तेव्हा आई म्हणाली, "तू ह्यांना नेलं होतंस ते हॉटेल याच्याजवळच का? रोटी कच्ची होती म्हणत होते."

"आणखी काय म्हणाले होते?"

"काय नाय. तेवढंच."

सत्तावीस वर्षं मी धरून चाललो होतो की तिला ठाऊक आहे. बाबांनी तिला सांगितलंच नव्हतं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे तेव्हा स्टेशन नव्हतं. तेवढ्या मिनिटांत मी तिला सगळं सांगितलं. मांडी, काळा कोट, मी काय म्हणालो ते.

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, समजूतही काढली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मांडी घातली म्हणजे त्यांना तिथं बरं वाटलं होतं. परक्या जागी ते टेकूनच बसायचे, पाय वर घ्यायचे नाहीत."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्यांना चुकीच्या जागी नेलं. जागा त्यांना चालली होती. अंधार, मेणबत्ती, पातळ सूप, सगळं चाललं होतं. मुलानं आणलंय म्हणून ते ऐसपैस बसले होते.

आता ऑफिसातली पोरं मला विचारतात, आईवडिलांना घेऊन जायचंय, चांगलं हॉटेल सांगा. मी दोन-चार नावं सांगतो, जिन्याचं आणि मेगाब्लॉकचं सांगतो. शेवटी म्हणतो, आधी त्यांनाच विचार. आणि ते कसेही बसले तरी त्यांना काही सांगू नकोस. कुणी सांगायला आलंच, तर तू त्यांच्या बाजूनं बोल.

गाडी बदलापूरला लागली. आईनं पाय खाली घेतले, चपला चाचपल्या आणि म्हणाली, "चल, उतर. रिक्षा मिळायची नाय नंतर."